चाळिशीत बेली डान्स? होय, आमच्याच वस्तीत



गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही वस्तीतल्या नऊ जणी बेली डान्स शिकायला लागलो. हे लिहिताना आजही थोडं हसू येतं. कारण बेली डान्स म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर १९७५ च्या 'शोले'तली हेलनच येते. चमचमता पोशाख, आणि समोर बसलेला गब्बर! आमच्यातली सर्वांत धाकटी ३१ वर्षांची, सर्वांत थोरली ५८ ची. तिघी धुणीभांडी करतात, एक पालिकेच्या झाडू खात्यात आहे, एक दवाखान्यात आया, एक अंगणवाडीत मदतनीस, एकीची पोळीभाजीची गाडी, आणि दोघी घरीच मशीनवर शिवणकाम करतात. हेलनशी आमचं दुरूनही नातं नाही.

सुरुवात झाली ती कंबरदुखीपासून. जयंतीनिमित्त वस्तीत आरोग्य तपासणी ठेवली होती. तिथल्या सिस्टरांनी टेप घेऊन प्रत्येकीच्या पोटाचा घेर मोजला. आपल्याकडच्या बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं डॉक्टर मानतात. त्याच्या वर गेला की मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा धोका वाढतो. नऊपैकी सात जणी त्या आकड्याच्या पुढे निघालो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "व्यायाम करा." झाडूवाल्या ताई तिथल्या तिथे म्हणाल्या, "मॅडम, पहाटे सहापासून रस्ता झाडते, अजून कसला व्यायाम करू?"

हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरातला आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. कष्टाचं काम वाया जात नाही. भरभर चालत कामावर जाणं, पाणी भरणं, झाडणं हे सगळं शरीराच्या हालचालीत धरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे सांगितलं, की मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल करावी आणि दोन दिवस तरी स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, त्यात कामाची हालचालही येते. पण काम शरीराला एकाच बाजूने वापरतं. कळशी कायम डाव्या कमरेवर. पोर कायम त्याच कडेवर. लादी पुसताना पाठ वाकलेली, भांडी घासताना मान वाकलेली. वर्षानुवर्षं तीच ओढ त्याच जागी पडते, आणि उलट बाजूची हालचाल कधी होतच नाही. आमची कंबर ओझं वाहायला पक्की शिकली होती. गोल फिरायचं मात्र तिला ठाऊकच नव्हतं.

चालायला जावं तर गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकीने भिंतीला चिकटावं लागतं. बाग दूर. जिमची फी ऐकून आम्ही परत आलो. तेवढ्यात पोळीभाजीवाल्या ताईंची भाची सुट्टीला राहायला आली. ती लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आणि पगारातून पैसे बाजूला काढून दोन वर्षं उपनगरातल्या एका हॉलमध्ये हा नाच शिकली. तिथली महिन्याची फी आमच्या एका घरकामाच्या पगाराएवढी. मावशीची कंबर धरलेली पाहून तिने पोटमाळ्याखालच्या चार फूट जागेत तिला खुबा गोल फिरवायला शिकवलं. मावशी दुसऱ्या दिवशी नळावर म्हणाल्या, "अगं, रात्री बरी झोप लागली." एवढंच निमित्त. बालवाडीची खोली शनिवारी आणि बुधवारी दुपारी चारनंतर रिकामी असते, ती मागून घेतली.

"आम्ही नाच सोडला, तुम्ही शिकताय?"

हे आम्हाला बाहेरच्यांनी विचारलं नाही. आमच्यातल्या एकीच्या आजेसासूबाईंनी विचारलं. आजींचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या माहेरची एक चुलती तमाशाच्या फडात होती. आजी त्या चुलतीचं नाव घरात कधी काढत नाहीत.

आजींच्या प्रश्नाला "काळ बदललाय" असं उडतं उत्तर देणं आम्हाला पटलं नाही. आपल्या समाजाच्या बाईचा नाच कुणासाठी होता, हे आपल्याला माहीत आहे. पवळाबाई महार समाजातल्या. त्यांच्या नाचगाण्याने पठ्ठे बापूरावांचा फड गाजला. बापूराव जन्माने ब्राह्मण. त्यांनी खेळाचे पैसे चळवळीला देऊ केले आणि आपल्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना लुगडं कसं नेसावं, अंगावर कोणते दागिने नकोत, हेही सांगितलं. जातीची खूण अंगावर बाळगू नका, हा त्यातला अर्थ. आजींच्या पिढीने तो पाळला. कंबर हलवणं म्हणजे पुन्हा त्या फडात जाणं, असं त्यांना वाटलं तर त्यात त्यांची चूक काय?

मग आम्ही भाचीला विचारलं, हा नाच मुळात कुठला, कुणाचा? तिने जे सांगितलं आणि आम्ही पुढे वाचलं, त्याने आम्ही गप्प झालो. हा नाच इजिप्तचा. तिकडेही नाचणाऱ्या बायांच्या वेगळ्या जमाती होत्या, त्यांना घवाझी म्हणत. लग्नाकार्यात त्यांच्यावाचून चालत नसे आणि एरवी त्यांना कुणी जवळ करत नसे. १८३४ मध्ये तिथला राज्यकर्ता मुहम्मद अली याने त्यांच्यावर बंदी घालून त्यांना कैरोतून हाकललं. त्या दूर दक्षिणेकडे, इस्नासारख्या गावांत जाऊन राहिल्या. नाच करून घ्यायचा आणि नाचणारीला हलकं म्हणायचं, ही रीत फक्त आपल्याकडची नाही तर!

पण त्याच देशात या नाचाचं दुसरं घरही आहे. त्याला 'बलदी' म्हणतात. बलदी म्हणजे आपल्या मुलखातलं, गावाकडचं, घरगुती. लग्नघरात, बारशाला, बाया बायांत जमल्या की कुणीतरी ताल धरतं, एकीच्या कमरेला ओढणी बांधली जाते आणि म्हातारीपासून पोरीपर्यंत सगळ्या नाचतात. अंगात पायघोळ झगा. पोट झाकलेलं. तिथे कुणी तिकीट काढून बसलेलं नसतं. टिकल्यांचा दोन तुकड्यांचा पोशाख आला तो रंगमंच आणि सिनेमामुळे. कैरोत बदिया मसाबनी या बाईंनी १९२६ मध्ये नाचगाण्याचं मोठं ठिकाण उघडलं. सामिया गमाल, तहिया करिओका या पुढे सिनेमात गाजलेल्या नर्तकी तिथूनच वर आल्या. तिकडे रंगमंचावरच्या नाचाला 'रक्स शर्की' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. 'पोटाचा नाच' हे नाव युरोपियन लोकांनी दिलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत ते सगळ्यांच्या तोंडी झालं. म्हणजे ज्या नावाने आपण लाजतो, ते नावही बघणाऱ्यांनी ठेवलेलं आहे.

आम्ही बलदीच्या बाजूने गेलो. दार लावलेलं, बाया बायांत, अंगात पंजाबी ड्रेस किंवा मॅक्सी, कमरेला जुनी ओढणी. आजींना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू." आजींचा 'बघू' म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना कळतं.

वस्तीतल्या एका काकांनी धम्माचा मुद्दा काढला. तो आम्ही हसण्यावारी नेला नाही. पंचशिलात नाचाबद्दल काही नाही. उपोसथाला अष्टशील घेणाऱ्यांनी मात्र नाच, गाणं, वाजवणं वर्ज्य करायचं असतं. आमच्यातल्या चौघी पौर्णिमेला अष्टशील घेतात. म्हणून पौर्णिमा शनिवारी किंवा बुधवारी आली की वर्गाला सुट्टी. आणि विहाराचा हॉल आम्ही मागितलाच नाही. बालवाडीची खोली पुरते.

शरीराला काय काय करावं लागतं

पहिले दोन आठवडे आम्ही नुसत्या उभ्या राहायला शिकलो. हसू नका, हेच सर्वांत अवघड गेलं. पावलं खुब्यांच्या सरळ रेषेत. गुडघे मागे ढकलून ताठ करायचे नाहीत, जरा सैल. माकडहाड जमिनीकडे सोडायचं. बेंबी अलगद आत, पण श्वास चालू. खांदे मागे आणि खाली. आमच्यातल्या बहुतेकींची उभं राहण्याची पद्धत म्हणजे एका पायावर भार, कंबर एका बाजूला काढलेली आणि पोट पुढे. मुंबईत पाण्याच्या रांगेत पंचवीस वर्षं उभं राहिलं की तीच होते.

मग गोल. कंबर जात्यासारखी फिरवायची, पुढे, उजवीकडे, मागे, डावीकडे. छाती आणि डोकं जागच्या जागी. या नाचातली खरी युक्ती हीच, एक भाग हलवायचा आणि बाकीचे थांबवून धरायचे. थांबवून धरणाऱ्या स्नायूंना जास्त काम पडतं. पोटाच्या आत खोलवर, कंबरपट्टा बांधावा तसा आडवा गुंडाळलेला एक स्नायू असतो. बाळंतपणात तो ताणला जातो आणि आपल्यातल्या कितीजणींना नंतर त्याच्याकडे बघायला कधी फुरसतच मिळालेली नसते. मणक्याच्या दोन्ही बाजूंना लहान लहान स्नायू असतात. हे सगळे मिळून कंबर सावरतात. गोल हळू फिरवला तर ते कामाला लागतात. भरभर फिरवला तर नुसती धांदल होते. म्हणून हळू.

त्यानंतर आठाचा आकडा. मराठी आठ नव्हे, इंग्रजी आठ, तोही आडवा पडलेला. उजवा खुबा पुढून बाहेर काढत मागे न्यायचा, मग डावा. आमच्या मशीनवाल्या ताई पहिल्यांदा मराठी आठ काढत होत्या, त्यामुळे दर वेळी दाराकडे सरकायच्या.

खुबा खाली सोडणं ही ठेक्याची हालचाल. एक पाऊल पूर्ण टेकलेलं, सगळा भार त्याच्यावर. दुसऱ्या पायाची टाच उचललेली, चवडा जमिनीवर. त्या बाजूचा खुबा वर घ्यायचा आणि ठेका पडला की सोडायचा. वीस वेळा केलं की बरगड्यांखाली, कमरेच्या बाजूला असं दुखतं की दुसऱ्या दिवशी शिंकताना कळतं. हे दुखणं स्नायूंचं, दोन दिवसांत जातं.

शिमी सगळ्यांना आवडली. गुडघे आळीपाळीने पुढे मागे भरभर हलवायचे, कंबर आपोआप थरथरते, पीठ चाळल्यासारखी. दोन मिनिटांत घाम. इथेच दम मोजायची सोपी खूण सांगून ठेवतो. करता करता बोलता येतंय पण गाता येत नाही, तर वेग बरोबर आहे. बोलताही येत नसेल तर कमी करा. आमच्या शिमीत बोलणं कधीच थांबत नाही, त्यामुळे आमचा वेग बहुधा बरोबर असावा.

पोटावरून लाट नेणं, ज्याच्यावरून नाचाला नाव पडलं, ते आमच्यातल्या दोघींनाच येतं. वरचं पोट आत, मग खालचं आत, मग वरचं बाहेर, मग खालचं बाहेर. बाकीच्या सातजणी आरशासमोर नुसतं पोट आत घेऊन श्वास कोंडतात. श्वास कोंडू नये, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी.

ताल मोबाइलवर लावतो. इजिप्तचा एक नेहमीचा ठेका आहे, मकसूम: दुम तक, तक दुम, तक. तिकडच्या त्या चर्मवाद्याला ते 'तबला' म्हणतात, दिसायला मात्र आपल्या तबल्यासारखा नाही, कमरेत बारीक असलेल्या लांबट मडक्यासारखा. हलगी-ढोलकी ऐकत वाढलेल्या कानाला तो ठेका पकडायला फार वेळ लागत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत आपण सगळ्या नाचतोच की.

जे आम्ही आधी कुणाला सांगितलं नव्हतं

शिमीच्या पहिल्याच दिवशी आमच्यातल्या दोघी मध्येच थांबल्या आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेल्या. एकीने नंतर हळूच सांगितलं, खोकताना, शिंकताना, उडी मारताना लघवीचे थेंब येतात. मग दुसरीने. मग तिसरीने. सहा जणींना हा त्रास होता, आणि शेजारी शेजारी राहून, एका नळावर पाणी भरून आम्ही कधी बोललो नव्हतो.

ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना ते खालून आधार देतात. बाळंतपणं, जड ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, पाळी जाणं या सगळ्याने ते ढिले पडतात. बेली डान्सने हा त्रास बरा होतो असं आम्ही सांगणार नाही. त्यासाठी वेगळा, साधा व्यायाम आहे. वारा अडवताना जो भाग आवळतो, तो आवळायचा आणि आत वर ओढायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, मग पूर्ण सोडायचा. ८ ते १० वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. पोट, मांड्या, श्वास मोकळा. लघवी करता करता धार अडवून हा व्यायाम करण्याची सवय लावू नका. तीन महिन्यांत फरक नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आम्ही वर्गाची सुरुवातच यानेच करतो. चौघींना बराच फरक पडला. एकीला पडला नाही, ती आता दवाखान्यात दाखवते आहे. एकीने नियमितपणे केलंच नाही, तिने हे लिहायला परवानगी दिली आहे.

दुसरी गोष्ट रक्ताची. दोघींना पाच मिनिटांत धाप लागायची, डोळ्यांसमोर अंधारी यायची. वय झालं, असं त्या म्हणायच्या. एकीचं वय होतं ३४! भाचीनेच हट्टाने तपासायला नेलं. हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, दोघींचं ९ च्या खाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ सालच्या, १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायांपैकी ५७ टक्के बायांना रक्तक्षय निघाला होता. म्हणजे नऊ जणींत पाच. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. शौच काळी होते, घाबरू नये. पाळीत अंगावरून फार जात असेल तर तेही दाखवावं, नुसत्या गोळ्यांवर थांबू नये. त्या दोघी दीड-दोन महिने खुर्चीवर बसून फक्त हातांच्या हालचाली करत होत्या, मग हळूहळू उभ्या राहिल्या.

आता कोणी करू नये, ते. पोटुशी असाल, बाळंतपण किंवा सिझर, पिशवीचं किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. अंग बाहेर येत असेल, हर्निया असेल, कमरेतून पायात कळ जात असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर आधी तपासणी. करता करता छातीत दुखलं, चक्कर आली, पायातली ताकद गेल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. गुडघे दुखणाऱ्यांनी शिमी लहान आणि हळू करावी. कंबर मागे मोडून डोकं खाली टाकण्याचे प्रकार सिनेमासाठी सोडून द्या. जेवण झाल्यावर दोन तास जाऊ द्या. आतून नीट आधार देणारी बॉडी घाला. लादी ओली नको. आमच्याकडे एकदा गळक्या पत्र्याखाली पाय घसरून ताईंचं मनगट सुजलं होतं, तेव्हापासून आधी फडकं मारतो, मग वर्ग.

आणि पोट कमी होतं का? सगळ्याच विचारतात. नाचून फक्त पोटावरची चरबी वितळत नाही, कुठल्याच व्यायामाने एका जागेची निवडून वितळत नाही. आठ महिन्यांनी टेप लावला. तिघींचा घेर चार-पाच सेंटिमीटरने उतरला. त्या तिघींनी चहातली साखर आणि संध्याकाळची भजीही सोडली होती, हे सांगायला हवं. चौघींचा जवळपास तसाच आहे. कंबरदुखी मात्र सातजणींची कमी झाली.

खिडकीतला मोबाइल

चौथ्या महिन्यात एका पोराने खिडकीतून मोबाइलवर शूटिंग केलं आणि वस्तीच्या ग्रुपवर टाकलं. खाली हसण्याच्या खुणा. कुणीतरी 'तमाशा मंडळ' असं लिहिलं. लिहिणारे आपलेच, जयंतीला पांढरे कपडे घालून पुढे असणारे. त्या रात्री एका घरात भांडण झालं, ताटं आपटली. पुढच्या शनिवारी नऊपैकी चारच आलो.

आम्ही चौघी आणि अंगणवाडीच्या ताई मिळून त्या पोराच्या घरी गेलो. ओरडलो नाही. त्याच्या आईला बसवलं, तिच्यासमोर त्याला विचारलं, "आमच्या कुणाची परवानगी घेतलीस?" त्याने व्हिडिओ काढून टाकला, ग्रुपवर माफी लिहिली. त्याची आई मात्र आम्ही निघताना दारात म्हणाली, "ताई, मीही येऊ का? माझी पाठ फार दुखते." ती आता येते. गेलेल्या पाचांपैकी चौघी परत आल्या. एक नाही आली. तिच्या नवऱ्याने शपथ घातली आहे. आम्ही तिच्या घरी जातो, बोलतो, तिला ओटीपोटाचा व्यायाम शिकवला आहे, तो बसल्या जागी होतो आणि कुणाला दिसत नाही.

तेव्हापासून खिडकीला जाड पडदा आणि मोबाइल दाराजवळच्या टोपलीत. गाणं लावलेला तेवढा एक बाहेर.

आत्मविश्वासाबद्दल बोलताना आम्ही जपून बोलतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास छापला. बेली डान्स करणाऱ्या शंभरावर बाया आणि कधीच न केलेल्या जवळपास तितक्याच बाया यांची तुलना केली. नाचणाऱ्या बाया आपल्या शरीराबद्दल जास्त समाधानी होत्या, आणि आपण बाहेरून कशा दिसतो याच्या नजरेतून स्वतःकडे कमी बघत होत्या. अर्थात नाचामुळे त्या तशा झाल्या की तशा होत्या म्हणून नाचायला गेल्या, हे अशा तुलनेतून ठरत नाही. आमच्यापुरतं दिसलेलं सांगतो. झाडूवाल्या ताई ४६ वर्षांच्या. फोटो काढायची वेळ आली की कायम दुसऱ्या कुणाच्या मागे उभ्या राहायच्या. "माझं अंग बेढब आहे," हे त्यांचं पालुपद. बालवाडीच्या खोलीत आम्ही एक जुना उभा आरसा लावला, कपाटाच्या दाराचा. पहिले दोन महिने ताई आरशाकडे पाठ करून नाचायच्या. एके दिवशी आठाचा आकडा जमला आणि वळून बघितलं त्यांनी. काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळेपासून आरशासमोरची जागा त्यांची ठरली. एकदा आम्हाला म्हणाल्या, "इतकी वर्षं या अंगाकडून काम करून घेतलं, त्याच्याकडे बघितलंच नव्हतं."

सुरू करायचं असेल तर क्लास, घागरा, नाण्यांची ओढणी यातलं काही लागत नाही. चार-पाच जणी, बंद होणारं दार, एक ओढणी आणि आठवड्याला दोनदा पाऊण तास. पहिली दहा मिनिटं चालणं आणि सांधे मोकळे करणं, शेवटची पाच मिनिटं श्वास आणि ताण देणं. मोबाइलवर शिकवणाऱ्या पुष्कळ बाई सापडतात. जी गुडघे सैल ठेवायला आणि हळू करायला सांगते ती निवडा, जी पहिल्याच दिवशी वजन उतरवायचं वचन देते ती सोडा.

आजी आता शनिवारी दारापाशी पाटावर बसतात. म्हणतात, पोरांना आत येऊ देत नाही म्हणून बसते. मागच्या महिन्यात लाइट गेली आणि मोबाइलची बॅटरीही संपली. आम्ही सामान आवरायला लागलो, तर आजींनी शेजारचा रिकामा तेलाचा डबा ओढला आणि त्यावर बोटं टाकली. दुम तक, तक दुम, तक. एवढे महिने बाहेर बसून ऐकत होत्या ना! आम्ही नाचलो. दहा मिनिटांनी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पाय फार जोरात आपटता गं, खाली बालवाडीची फरशी फुटेल."